डॉटनेटची सर्व्हिस, जावा-पीएचपीचे क्लायंट: एरर नाही पण डेटा रिकामा, आणि बाकीची नेहमीची दुखणी

हा प्रॉब्लेम इतक्यांदा समोर येतो की एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतोय. एका बाजूला डॉटनेटमध्ये लिहिलेली सोप सर्व्हिस (म्हणजे एक्सएमएलमध्ये रिक्वेस्ट घेऊन एक्सएमएलमध्येच उत्तर देणारी) असते, बहुतेक वेळा डब्ल्यूसीएफ या मायक्रोसॉफ्टच्या फ्रेमवर्कवर बनवलेली, दुसऱ्या बाजूला जावावाले किंवा पीएचपीवाले, आणि सर्व्हिसवाल्यांचं उत्तर ठरलेलं की "आमच्या टेस्ट क्लायंटवर चालतंय, प्रॉब्लेम तुमच्याकडेच आहे". मग मेलामेली, मग कॉन्फरन्स कॉल, दोन्ही टीम एकमेकांकडे बोट दाखवतात आणि काम भिजत पडतं. बँका, पतसंस्था, विमा, सरकारी खात्यांची जुनी सॉफ्टवेअरं यांच्यात सोप अजून भरपूर आहे आणि नवीन पोरांना कॉलेजात ते कुणी शिकवत नाही, त्यामुळे नोकरीला लागल्यावर पहिल्याच प्रोजेक्टमध्ये हे अंगावर येतं. त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितोय.

आधी एक सांगतो. डब्ल्यूसीएफचा टेस्ट क्लायंट स्वतः डॉटनेट आहे, सर्व्हिस पण डॉटनेट, दोघं एकाच लायब्ररीने एक्सएमएल बनवतात आणि वाचतात. त्यामुळे तिथे चाललं यावरून दुसऱ्या प्लॅटफॉर्मबद्दल काहीच सिद्ध होत नाही. चाचणी घ्यायची तर सोपयूआय या टेस्टिंग टूलमध्ये डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सर्व्हिसचे कॉल आणि फील्ड सांगणारी फाइल, इंपोर्ट करा, तो नमुन्याची रिक्वेस्ट आपोआप तयार करून देतो, त्यात खरी व्हॅल्यू भरा आणि पाठवा. ती चालली की तुमच्या हातात एक चालणारी रिक्वेस्ट आली. आता तुमच्या प्रोग्रॅममधून खरोखर बाहेर पडणारी रिक्वेस्ट पकडा आणि दोन्ही शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघा. कोड वाचत बसू नका, कोडमध्ये सगळं बरोबरच दिसतं. वायरवर, म्हणजे नेटवर्कवरून, खरोखर काय गेलं ते बघा.

पकडायचं कसं? पीएचपीमध्ये सोपक्लायंट बनवताना ट्रेस ऑप्शन चालू करा, मग गेटलास्टरिक्वेस्ट आणि गेटलास्टरिक्वेस्टहेडर्स या दोन फंक्शननी जे गेलं ते जसंच्या तसं मिळतं. जावात जॅक्स-डब्ल्यूएस ही सोपची लायब्ररी वापरत असाल तर एचटीटीपीट्रान्सपोर्टपाइपचा डम्प ट्रू करायची सिस्टिम प्रॉपर्टी आहे, ती दिली की कन्सोलवर सगळं उमटतं. डॉटनेटच्या बाजूला डब्ल्यूसीएफचं मेसेज लॉगिंग कॉन्फिगमधून चालू करता येतं आणि ती फाइल सर्व्हिस ट्रेस व्ह्यूअरमध्ये उघडते. फिडलर हे ट्रॅफिक बघायचं टूल क्लायंट आणि सर्व्हिसच्या मधोमध बसवूनही बघता येतं, फक्त एक लक्षात घ्या, फिडलर एचटीटीपीएस उघडण्यासाठी स्वतःचं रूट सर्टिफिकेट विंडोजमध्ये टाकतो पण जावा सहसा विंडोजचं सर्टिफिकेट स्टोअर बघत नाही, त्याचं स्वतःचं कीस्टोअर असतं, तर तिथे ते वेगळं टाकावं लागतं आणि प्रॉक्सी पण जावाला वेगळी सांगावी लागते. टेस्ट मशीनवरच करा हे, लाइव्हवर नको.

सगळ्यात छळणारा प्रकार: एरर नाही, पण फील्ड नल

रिक्वेस्ट जाते, २०० येतो, लॉगमध्ये सगळं हिरवं, आणि सर्व्हिसच्या बाजूला नाव येतं पण रक्कम शून्य, शहर नल. यावर लोकांचे नाकी नऊ येतात कारण शोधायला एररच नसते. याची तीन कारणं मी पुन्हा पुन्हा बघितलीत आणि तिन्ही वायरवरचा मजकूर ताडून बघितल्यावर दिसतात.

पहिलं म्हणजे क्रम. डब्ल्यूसीएफचा डेटाकॉन्ट्रॅक्ट सिरियलायझर, म्हणजे ऑब्जेक्टचं एक्सएमएल आणि एक्सएमएलचं ऑब्जेक्ट करणारा भाग, फील्ड एका ठरलेल्या क्रमाने यायची अपेक्षा धरतो, आणि क्लासमध्ये ऑर्डर दिलेली नसेल तर तो क्रम इंग्रजी अक्षरांप्रमाणे असतो, म्हणजे अमाउंट, मग सिटी, मग नेम. क्लास कुठल्या क्रमाने लिहिलाय याच्याशी त्याचा संबंध नाही. आता पीएचपीवाल्याने हाताने एक्सएमएल बनवलं आणि आधी नेम, मग अमाउंट, मग सिटी असं पाठवलं. सिरियलायझर नेमवर येतो तेव्हा तो समजतो की अमाउंट आणि सिटी आलेच नाहीत, नेम वाचतो, आणि नंतर अमाउंट आला की त्याला अनोळखी समजून सोडून देतो. एकही एरर नाही! डब्ल्यूएसडीएलमधल्या स्कीमात, म्हणजे फील्डचे नियम सांगणाऱ्या भागात, सीक्वेन्स लिहिलेलं असतं आणि सीक्वेन्स म्हणजे त्याच क्रमाने पाठवणं बंधनकारक, म्हणून कायद्याने बघितलं तर चूक पाठवणाऱ्याची आहे, पण माझं स्पष्ट मत असं की सर्व्हिस लिहिणाऱ्याने इथे गप्प बसणारी सर्व्हिस देऊच नये. जे फील्ड हवंच आहे त्यावर इजरिक्वायर्ड ट्रू लावा, मग ते फील्ड आलं नाही तर सरळ एक्सेप्शन येतं आणि समोरच्याला त्याच दिवशी कळतं. पैशाची रक्कम शून्य म्हणून सेव्ह होण्यापेक्षा कॉल फेल झालेला कधीही बरा.

आणि यातूनच एक अजून छुपी गोष्ट निघते. सर्व्हिसवाल्यांनी पुढच्या रिलीजमध्ये नवीन फील्ड टाकलं, ऑर्डर न देता. ते अक्षरक्रमाने मधेच कुठेतरी जाऊन बसतं. डब्ल्यूएसडीएलवरून कोड जनरेट करणारे पुन्हा जनरेट करतात, पण जे एक्सएमएल स्वतः जोडतात ते नवीन फील्ड शेवटी चिकटवतात, कारण माणसाचा हात शेवटीच जातो. मग पुन्हा तेच, बाकी सगळं येतं आणि नवीन फील्ड तेवढं नल. म्हणून पहिल्या दिवसापासून ऑर्डर नंबर द्या आणि नवीन फील्डला मोठा नंबर द्या.

दुसरं कारण नेमस्पेस, म्हणजे टॅग कुठल्या गटातला आहे ते सांगणारं नाव. डब्ल्यूसीएफमध्ये काहीच ठरवून दिलं नाही तर सर्व्हिसचं नेमस्पेस टेम्पयूआरआय डॉट ऑर्ग असतं, पण आत जे ऑब्जेक्ट जातं त्याच्या फील्डचं नेमस्पेस वेगळं, ते स्कीमाज डॉट डेटाकॉन्ट्रॅक्ट डॉट ऑर्ग, स्लॅश २००४, स्लॅश ०७, आणि पुढे सी-शार्पमधल्या नेमस्पेसचं नाव. स्ट्रिंगची यादी पाठवायची असेल तर तिच्या आतल्या घटकांना तिसरंच, मायक्रोसॉफ्टच्या ॲरेजचं नेमस्पेस लागतं. म्हणजे एकाच छोट्या रिक्वेस्टमध्ये तीन नेमस्पेस. हाताने बनवणारा सगळ्यांना एकच प्रिफिक्स लावून टाकतो, ऑब्जेक्ट पोचतं पण आतून पोकळ. एक्सएमएलला टॅगचं नाव सारखं असून भागत नाही, नाव आणि नेमस्पेस दोन्ही जुळलं तरच तो तोच टॅग.

आणि हे "काल चालत होतं आज बंद" या तक्रारीचं पण मोठं कारण आहे. कुणीतरी सी-शार्पच्या प्रोजेक्टमध्ये साफसफाई करतं, नेमस्पेसचं नाव बदलतं, बिल्ड होतो, त्यांचे टेस्ट पास होतात, आणि बाहेरच्या सगळ्या क्लायंटचं वायरवरचं नेमस्पेस चुकीचं होऊन बसतं. इंटरफेसचं नाव बदललं तर सोपॲक्शन, म्हणजे कुठली मेथड हवी ते सांगणारा हेडर, तो पण बदलतो, कारण डीफॉल्टमध्ये तो नेमस्पेस, इंटरफेस आणि मेथडचं नाव जोडून बनतो. यावर उपाय एकच आणि तो सर्व्हिसवाल्यांनीच करायचा: नेमस्पेस, नाव आणि ॲक्शन ॲट्रिब्यूटमध्ये स्वतः लिहून कायमचे ठरवून टाका, म्हणजे आत काहीही हलवलं तरी बाहेर काही हलत नाही.

याच घरातलं अजून एक. स्कीमात एलिमेंटफॉर्मडीफॉल्ट नावाचं ॲट्रिब्यूट असतं, क्वालिफाइड की अनक्वालिफाइड. डॉटनेट क्वालिफाइड काढतं, म्हणजे आतल्या टॅगला पण नेमस्पेस लागतं. जावात जॅक्स-डब्ल्यूएसने क्लासवरून जी सर्व्हिस निघते ती काही वेगळं सांगितलं नाही तर अनक्वालिफाइड असते, आतले टॅग उघडे. डब्ल्यूएसडीएलवरून जनरेट केलेला कोड हे नीट सांभाळतो, हाताने जोडणारे इथे हमखास अडकतात.

तिसरं कारण उलट्या दिशेचं आहे, म्हणजे सर्व्हिस जावाची आणि क्लायंट डॉटनेटचा. स्कीमात एखादा आकडा किंवा तारीख ऑप्शनल असेल, म्हणजे मिनऑकर्स शून्य, तर एक्सएमएल-सिरियलायझरवाला जनरेट केलेला प्रॉक्सी (म्हणजे सर्व्हिसला कॉल करणारा क्लास) त्या फील्डच्या जोडीला अजून एक बूलियन बनवतो, फील्डचं नाव आणि पुढे स्पेसिफाइड. अमाउंटमध्ये ५००० भरले पण अमाउंटस्पेसिफाइड ट्रू केलं नाही तर अमाउंटचा टॅग वायरवर जातच नाही. डिबगरमध्ये व्हॅल्यू डोळ्यांना दिसते, आणि समोरचा जावावाला सांगतो की आलंच नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात. पकडलेली रिक्वेस्ट उघडली की दोन मिनिटांत वाद मिटतो.

एररच येते ते सोपं

४१५, म्हणजे कंटेंट-टाइप मान्य नाही, असा आला तर सोपचं व्हर्जन बघा. सोप १.१ ला कंटेंट-टाइप टेक्स्ट/एक्सएमएल लागतो, १.२ ला ॲप्लिकेशन/सोप+एक्सएमएल. डब्ल्यूसीएफमध्ये बोलायची पद्धत बाइंडिंगने ठरते: बेसिकएचटीटीपीबाइंडिंग १.१ बोलतं, डब्ल्यूएसएचटीटीपीबाइंडिंग १.२ बोलतं आणि वर डब्ल्यूएस-ॲड्रेसिंग आणि मेसेज सिक्युरिटी पण मागतं. पीएचपीचा सोपक्लायंट न सांगता १.१ पाठवतो, आणि ॲड्रेसिंग, सिक्युरिटी त्याला मुळात येत नाही. तर पीएचपीवाल्याला डब्ल्यूएसएचटीटीपीबाइंडिंगच्या एंडपॉइंटवर झगडायला लावू नका, एकाच सर्व्हिसला अनेक एंडपॉइंट देता येतात, बाहेरच्यांसाठी एचटीटीपीएसवर बेसिकएचटीटीपीबाइंडिंगचा वेगळा एंडपॉइंट उघडून द्या. ही मागणी करायला क्लायंटवाल्यांनी संकोच करू नये, यात गैर काही नाही.

कॉन्ट्रॅक्टफिल्टर मिसमॅच अशी एरर आली, किंवा डब्ल्यूसीएफच्या आधीच्या एएसएमएक्स सर्व्हिसमध्ये सोपॲक्शन ओळखला नाही असं आलं, तर हेडर बघा. १.१ मध्ये सोपॲक्शन वेगळा हेडर असतो, १.२ मध्ये तो कंटेंट-टाइपच्या आतच ॲक्शन म्हणून जातो. व्हॅल्यू डब्ल्यूएसडीएलमधूनच कॉपी करा, शेवटची स्लॅश आहे की नाही इथपर्यंत.

छोट्या रिक्वेस्ट चालतात आणि पीडीएफ जोडला की ४१३ (मेसेज फार मोठा) येतो: डब्ल्यूसीएफची मेसेजची डीफॉल्ट मर्यादा ६५५३६ बाइट आहे. एक्सएमएलमध्ये घालायला बेस-६४, म्हणजे साध्या अक्षरांत, केल्यावर फाइल साधारण एक तृतीयांशने फुगते म्हणजे ४८ केबीच्या आसपासची फाइलच ती मर्यादा गाठते. सर्व्हिसच्या कॉन्फिगमध्ये मॅक्सरिसीव्ह्डमेसेजसाइझ वाढवा, आयआयएस या वेब सर्व्हरची मर्यादा पण बघा.

डब्ल्यूएसडीएल बदललंय पण पीएचपीला जुनंच दिसतंय: पीएचपी डब्ल्यूएसडीएल कॅश करून ठेवतं, डीफॉल्ट ८६४०० सेकंद, म्हणजे अख्खा एक दिवस. म्हणूनच काही लोकांचा प्रॉब्लेम "दुसऱ्या दिवशी आपोआप सुटतो" आणि त्यांना कारण कधीच कळत नाही. डेव्हलपमेंटमध्ये कॅश बंद ठेवा, लाइव्हवर टेम्प फोल्डरमधल्या डब्ल्यूएसडीएल नावाने सुरू होणाऱ्या फाइल उडवा.

डब्ल्यूएसडीएल उघडतं पण कॉल लागत नाही: डब्ल्यूएसडीएलच्या तळाशी जो ॲड्रेस असतो तो वाचा. तिथे पुष्कळदा आतल्या मशीनचं नाव असतं जे बाहेरून कुणालाच सापडणार नाही, किंवा लोड बॅलन्सरमागे सर्व्हर असल्याने एचटीटीपीएसच्या जागी नुसतं एचटीटीपी असतं. क्लायंटमधून बदलता येतं, पीएचपीत लोकेशन ऑप्शन, जावात बाइंडिंगप्रोव्हायडरची एंडपॉइंट ॲड्रेस प्रॉपर्टी. आणि डब्ल्यूएसडीएल चार फाइलींत तुटलेलं असल्याने एखाद्या जुन्या टूलला वाचता येत नसेल तर ॲड्रेसपुढे सिंगलडब्ल्यूएसडीएल लावून बघा, डॉटनेट ४.५ पासून सगळं एकाच फाइलीत मिळतं.

पीएचपीत अजून एक, यादीत एकच रेकॉर्ड आला तर ॲरेऐवजी सरळ ऑब्जेक्ट मिळतो आणि फॉरईच त्याच्या फील्डवर फिरतो. दहा रेकॉर्ड असताना चालतं, एक असताना मोडतं. सोप-सिंगल-एलिमेंट-ॲरेज हे फीचर चालू करा.

जावा ८ वरून ११ वर गेलात आणि कंपाइलच होत नाही, तर जॅक्स-डब्ल्यूएस जावा ११ मधून काढून टाकलंय, २०१८ मध्ये. डिपेन्डन्सी म्हणून वेगळं घ्यावं लागतं, आणि नवीन व्हर्जन घेतलं तर पॅकेजचं नाव जावाएक्सच्या ऐवजी जकार्ता झालेलं असतं, दोन्हींची भेसळ झाली की क्लास सापडत नाही.

जोडणीच होत नसेल तर

ब्राउझरमध्ये उघडतं, प्रोग्रॅममधून नाही. इथे दोन शक्यता आधी तपासा. एक टीएलएसचं, म्हणजे एचटीटीपीएसमागच्या एन्क्रिप्शनचं, व्हर्जन. टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरवले गेले आणि बहुतेक सर्व्हरनी ते बंद केलेत. जावा ७ ला १.२ येतं पण क्लायंट म्हणून ते डीफॉल्टने बंद असतं, जावा ८ पासून चालू. डॉटनेटमध्ये ४.५ साठी बनवलेलं ॲप्लिकेशन जुनंच व्हर्जन मागतं, मशीनवर ४.८ बसवलेलं असलं तरी! कारण ॲप्लिकेशन कुठल्या फ्रेमवर्कसाठी बिल्ड झालंय ते बघितलं जातं. हे खूप जणांच्या लक्षात येत नाही, मशीन अपडेट करतात आणि डोकं धरून बसतात.

दुसरी शक्यता सर्टिफिकेटची साखळी. सर्व्हरने मधलं, म्हणजे इंटरमीजिएट सर्टिफिकेट पाठवलंच नाही तर बरेच ब्राउझर ते स्वतः कुठून तरी मिळवतात, पण जावा साधारणपणे मिळवत नाही आणि पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड म्हणून थांबतो, पीएचपीत कर्लची एरर ६० येते. दुरुस्ती सर्व्हरवर आहे, पूर्ण साखळी लावायची. इथे हात जोडून सांगतो, सर्टिफिकेट तपासणीच बंद करून टाकायचा जो उपाय नेटवर सगळीकडे मिळतो तो वापरू नका. ती एक ओळ टेस्टसाठी म्हणून लिहिली जाते आणि लाइव्हवर वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि त्या जोडणीवरून लोकांचे पैसे आणि कागदपत्रं जात असतात.

प्रत्येक पोस्टला सेकंदभरापर्यंत जास्त वेळ लागत असेल किंवा ४१७ येत असेल तर एक्स्पेक्ट १००-कंटिन्यू हेडर बघा. डॉटनेट फ्रेमवर्क आणि कर्ल आधी सर्व्हरला विचारतात की मजकूर पाठवू का, आणि सर्व्हर किंवा मधला प्रॉक्सी उत्तरच देत नाही, मग वाट बघून पाठवतात. हेडर बंद करा.

तारखा

आपल्याकडच्या सिस्टिममध्ये जन्मतारीख एक दिवस मागे जाणं हा तर घरोघरचा प्रश्न आहे. आपण ग्रिनिचच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. जावास्क्रिप्टमध्ये १५ एप्रिलची मध्यरात्र इथल्या वेळेने बनवली आणि जेसनमध्ये टाकली की ती १४ एप्रिल, १८:३०, शेवटी झेड (म्हणजे यूटीसी, ग्रिनिचची वेळ) अशी जाते. समोरच्याने नुसता तारखेचा भाग उचलला की १४ एप्रिल. लॅपटॉपवर सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही भारतीय वेळेत असल्याने हे दिसत नाही, क्लाउडवर गेल्यावर दिसतं कारण तिथली मशीन सहसा यूटीसीवर असतात.

डॉटनेटकडून उलटं होतं. डेटाबेसमधून वाचलेल्या डेटटाइमला काइंड अनस्पेसिफाइड असतो, तो वायरवर झेड किंवा +०५:३० काहीच न लावता जातो, आणि जावावाला ती वेळ आपल्या मशीनच्या टाइमझोनमधली समजतो. फरक बरोबर साडेपाच तासांचा दिसला की समजून जा.

आता एक असं सांगतो जे फार कमी लोकांना माहीत असतं आणि पेन्शन किंवा विम्याच्या सिस्टिमवर काम करणाऱ्यांना हमखास भेटतं. दुसऱ्या महायुद्धात भारतात घड्याळं एक तास पुढे होती, सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ च्या मध्यापर्यंत इथली वेळ +६:३० होती. जावा आणि लिनक्स जो टाइमझोनचा डेटाबेस वापरतात त्यात ही नोंद आहे, विंडोजच्या इंडिया स्टँडर्ड टाइममध्ये नाही. म्हणजे जावाने १० मार्च १९४३ ची मध्यरात्र यूटीसीत नेली तर ती ९ मार्च १७:३० होते, विंडोजवरच्या डॉटनेटने त्यात साडेपाच तास मिळवले की ९ मार्च रात्रीचे ११. एक दिवस मागे, आणि दोन्ही बाजूंचं टाइमझोन रूपांतर आपापल्या परीने बरोबर! फक्त ठरावीक वयाच्या आजी-आजोबांच्या तारखा चुकतात, बाकी लाखभर रेकॉर्ड बरोबर, आणि मग लोक म्हणतात डेटा एंट्रीवाल्याने चुकवलं. बिचाऱ्या त्या पेन्शनरला हयातीच्या दाखल्यासाठी हेलपाटे पडतात.

उपाय सोपा आहे. जन्मतारखेला वेळच नसते, तर वेळ पाठवूच नका. एक्सएमएलमध्ये डेट टाइप वापरा, डेटटाइम नाही, आणि डब्ल्यूसीएफच्या डेटाकॉन्ट्रॅक्टमध्ये नुसत्या तारखेचा टाइप मिळत नसल्याने सरळ स्ट्रिंग ठेवा, वर्ष-महिना-दिवस. जिथे खरोखर क्षण महत्त्वाचा आहे, उदाहरणार्थ व्यवहाराची वेळ, तिथे ऑफसेट लावल्याशिवाय पाठवू नका. आणि आकड्यात वेळ पाठवत असाल तर लक्षात ठेवा, जावा मिलिसेकंद देतो, पीएचपी सेकंद देतो, तारीख १९७० च्या जानेवारीत दिसली की एकाने सेकंद दिलेत आणि दुसऱ्याने मिलिसेकंद समजून वाचलेत.

मराठी मजकूर बिघडला तर

बिघडण्याचे दोन प्रकार आहेत आणि ते बघूनच निदान होतं. नुसती प्रश्नचिन्हं आली असतील तर कुठेतरी मजकूर अशा एन्कोडिंगमध्ये गेलाय ज्यात देवनागरीच नाही, आणि तो डेटा गेला, परत येत नाही. जावा १८ च्या आधी डीफॉल्ट एन्कोडिंग मशीनवर अवलंबून असायचं, लिनक्सवर यूटीएफ-८ आणि विंडोजवर दुसरंच, म्हणून गेटबाइट्सला एन्कोडिंग न सांगता वापरलं की एका सर्व्हरवर मराठी ठणठणीत आणि दुसऱ्यावर प्रश्नचिन्हं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये कॉलम व्हारकॅर असला किंवा क्वेरीतल्या मजकुराआधी एन लावलेला नसला तरी हेच होतं, त्यामुळे वेब सर्व्हिसला दोष देण्याआधी डेटाबेस बघा.

पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्याला चिकटून चार टोकांचं छोटं वर्तुळ, अशी जोडी पुन्हा पुन्हा दिसत असेल तर खूश व्हा, डेटा शाबूत आहे. यूटीएफ-८ मजकूर कुणीतरी लॅटिन म्हणून वाचलाय, आणि देवनागरीच्या बहुतेक अक्षरांची सुरुवात त्याच दोन बाइटनी होत असल्याने तीच जोडी दिसत राहते. कंटेंट-टाइपमध्ये चारसेट यूटीएफ-८ लिहा, वाचणाऱ्याने पण तसंच वाचावं.

मजकूर शेवटी कापला जात असेल तर कंटेंट-लेन्थ तपासा. 'मुंबई' लिहायला पाच कोडपॉइंट लागतात पण यूटीएफ-८ मध्ये ते १५ बाइट होतात. लांबी अक्षरांत मोजून हेडरमध्ये टाकली की समोरचा तेवढंच वाचून थांबतो आणि जेसन अर्धं राहतं. इंग्रजी नावांवर हे कधीच दिसत नाही, म्हणून टेस्ट डेटा मराठीत ठेवा, निदान एक रेकॉर्ड तरी.

जेसनच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट, म्हणजे बॉम, आला तर पीएचपीचं जेसनडिकोड सिंटॅक्स एरर देतं आणि डोळ्याला जेसन अगदी बरोबर दिसतं. डॉटनेटमध्ये फाइल किंवा स्ट्रीम लिहिताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं दिलं की तो पुढे लागतो, बॉमशिवायचं एन्कोडिंग वेगळं बनवावं लागतं.

सोप सोडून जेसनवर आलात म्हणून सुटलात असं नाही

जावाचा लाँग १९ आकडी होऊ शकतो, जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढचा पूर्णांक नेमका राहीलच याची खात्री नाही. खातं नंबर किंवा व्यवहार नंबर शेवटच्या दोन-तीन आकड्यांत बदललेला दिसतो, एरर कसलीच नाही. ट्विटरला पण २०१० मध्ये याच कारणाने ट्वीटचा नंबर स्ट्रिंग म्हणून वेगळा द्यावा लागला. ज्याच्यावर बेरीज-वजाबाकी करायची नाही तो नंबर स्ट्रिंगच ठेवा.

आणि सही न जुळणे. पेमेंटच्या वगैरे सर्व्हिसमध्ये मजकुरावर गुप्त किल्लीने सही, म्हणजे एचमॅक, काढून हेडरमध्ये पाठवतात. पीएचपीचं जेसनएन्कोड डीफॉल्टने देवनागरी अक्षरांचं बॅकस्लॅश-यू करून टाकतं आणि स्लॅशच्या आधी बॅकस्लॅश लावतं, जावातल्या जॅक्सन या जेसन लायब्ररीला यातलं काही करायची सवय नाही. अर्थ एकच, बाइट वेगळे, सही वेगळी. समोरच्याने जेसन वाचून, ऑब्जेक्ट करून, परत जेसन बनवून त्यावर सही तपासली तर ती इंग्रजी डेटावर कधी कधी जुळेल आणि ग्राहकाच्या नावात मराठी आलं की फसेल. सही नेहमी आलेल्या कच्च्या बाइटवर तपासायची, पार्स करायच्या आधी. बेस-६४ बनवताना जावाचा जुना सनवाला एन्कोडर दर ७६ अक्षरांनंतर नवीन ओळ टाकायचा, त्यामुळे लांब पासवर्ड किंवा टोकन असलेल्यांचंच ऑथेंटिकेशन फेल, छोट्यांचं पास. जावा ८ मधला नवीन एन्कोडर वापरा.

यातलं काहीच जुळत नसेल आणि कुणाला विचारायचं असेल, तर "चालत नाहीये" असं लिहू नका. हेडरसकट कच्ची रिक्वेस्ट, कच्चा रिस्पॉन्स, सोपयूआयमधून चाललेली रिक्वेस्ट, दोन्ही बाजूंची व्हर्जन, आणि कुठल्या तारखेपासून बिघडलं, एवढं टाका. टाकण्याआधी त्यातले पासवर्ड, टोकन, आधार नंबर, खातं नंबर काढून त्या जागी तेवढ्याच लांबीचे खोटे आकडे भरा, लांबी बदलली तर कधी कधी प्रॉब्लेमच दिसेनासा होतो.